'राजगृह' : शिल्पकार, स्थपती आणि 'घरी'

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमरावती-अकोल्याकडून मुंबईस जाणाऱ्या समुदायापैकी अनेक जण चैत्यभूमीचे दर्शन घेऊन दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'कडे वळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांधविलेल्या या इमारतीत तळमजल्यावर आज संग्रहालय असून वर कुटुंबीयांचे वास्तव्य आहे. 'घटनेच्या शिल्पकाराचे घर' असा तिचा परिचय करून दिला जातो. या परिचयातील प्रत्येक शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

'शिल्पकार' ही योजना इंग्रजीतील 'आर्किटेक्ट' या रूपकाच्या छायेत झाली असावी. वस्तुतः त्या अर्थी जुना शब्द 'स्थपती' हा होय. 'मानसार', 'मयमत' या ग्रंथांत स्थपती एकटा नसतो. सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक त्याच्या हाताखाली असतात. मराठीतील 'शिल्पकार' मात्र एकटाच दगडापुढे बसतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी घटनेच्या श्रेयाचा वाटा बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांस आवर्जून दिला; त्या दृष्टीने 'स्थपती' हाच शब्द नेमका ठरतो. परंतु ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी मसुदा समितीची जी स्थिती सांगितली (कोणी राजीनामा दिलेला, कोणी निवर्तलेला, कोणी परदेशी, आणि सारा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर) ती लक्षात घेता लोकांनी उचललेला शब्द चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. हाताने काम करणाऱ्यांच्या वस्तीत तो रुजला, हेही विसरता येत नाही.

या घरापुरते तर रूपक वाच्यार्थाला येऊन भिडते. ग्रंथांना जागा हवी म्हणून हे घर उभे राहिले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला मिळाले, तेही १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपूर्वी. रमाबाईंचे निधन येथेच मे १९३५ मध्ये झाले. ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. त्यामुळे आज छायाचित्रे व वापरातील वस्तू पाहताना मूळ रचनेचे प्रयोजनच प्रेक्षकाच्या दृष्टीआड राहते. 'वस्तु' आणि 'वास्तु' या दोहोंचे मूळ 'वस्', म्हणजे राहणे, या धातूत सांगतात. संग्रहालयाने पहिली जपावी आणि दुसरी निःशब्द राहावी, ही उणीव लहान नव्हे. येथे ग्रंथ कसे मांडलेले होते, घरधनी कोठे बसून वाचीत, एवढे एखाद्या साध्या नकाशाने दाखविले तरी पुष्कळ होईल.

वऱ्हाडचा यात्रेकरू ही उणीव आपल्या परीने भरून काढतो. तो 'घर पाह्याले' जातो. परतल्यावर मात्र 'बाबासाहेबाच्या घरी जाऊन आलो' असे सांगतो. 'संग्रहालयात' येथे '-त' प्रत्यय लागतो. 'घरी' या रूपात जुनी सप्तमी टिकून आहे, आणि 'कोणाच्या घरी' म्हटले की तेथे यजमान गृहीत असतो. रिकाम्या वाड्यात कोणी 'घरी' जात नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा होता. त्याच गावची पुढची पिढी दादरच्या या दारातून आत जाते, ती या सप्तमीनिशी.