तुफानाची वार्ता आणि तिची भाषा

वाङ्मयपरीक्षणास वाहिलेल्या पृष्ठांत हवामानखात्याच्या पत्रकांचा आणि वर्तमानपत्री वादळवार्तांचा विचार कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या गद्यांतील एका क्रियापदावर माणसें घर सोडून शाळेच्या इमारतींत निजावयास जातात, होड्या वाळूवर ओढून ठेवितात किंवा कांहींच न करितां स्वस्थ बसतात, तें गद्य कादंबरीइतक्याच कसोशीनें वाचिलें पाहिजे. कादंबरींत शब्द चुकला तर रसभंग होतो. येथें चुकला तर मनुष्य नको त्या घरांत रात्र काढतो. गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राकडे आलेल्या तुफानांची मराठी वार्ता या दृष्टीनें वाचूं लागल्यावर तिच्यांत एक दोष जागोजाग आढळतो. ती तुफानाचें चरित्र सांगते. ऐकणारा त्या तुफानाच्या कोणत्या अंगास उभा आहे, तें सांगत नाहीं.

पूर्वीची भाषा अशी नव्हती. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळीं कलकत्त्यास जन्मला. हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें सापाच्या वेटोळ्याचा अर्थ मनांत धरून तो ग्रीकावरून बनविला, आणि १८४८ सालीं खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत पुढें आणिला. त्या पुस्तकासोबत वाऱ्याच्या दिशा रेखिलेलीं पारदर्शक पानें असत. खलाशानें पान नकाशावर ठेवावें, आपल्या शिडावर येणारा वारा त्याच्याशीं ताडून पाहावा आणि तुफानाचा मध्य आपल्या कोणत्या बाजूस आहे तें ओळखावें. पुढें १८५७ त बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानें हाच विचार एका नियमांत बसविला. आपल्या गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें असतां कमी दाबाची जागा डाव्या हातास येते. शास्त्राचा नियम, पण त्याची सुरुवात ऐकणाऱ्याच्या पाठीपासून आणि शेवट त्याच्या हातापाशीं!

बंदरावर लागणारा बावटा याच कुळांतला. दिवसा शंकु व पिंपें यांच्या आकृति, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे, आणि एक ते अकरा असे अंक. पहिले दोन दूरच्या तुफानाचे; तिसरा-चौथा लागला कीं खुद्द बंदरास सावधगिरीची सूचना. खरी मौज पांचव्यापासून पुढें आहे. पांचवा बावटा म्हणजे तुफान बंदरास आपल्या डावीकडे टाकून जाणार. सहावा म्हणजे उजवीकडे टाकून. सातवा म्हणजे बंदरावरून किंवा अगदीं जवळून. आठवा, नववा व दहावा यांचा क्रम हाच, मात्र अधिक उग्र तुफानाकरितां. हा भेद हौसेचा नव्हे. आपल्याकडे तुफानाच्या मार्गाच्या उजव्या अंगास वाऱ्याच्या वेगांत तुफानाच्या स्वतःच्या चालीची भर पडते, डाव्या अंगास ती वजा होते. म्हणून पांच आणि सहा यांत कित्येकदां उभें आणि पडलेलें घर यांइतकें अंतर असतें. आणि अकरावा? इशारा देणाऱ्या केंद्राशीं संपर्क तुटला असून येथील अधिकाऱ्यास हवा बिघडण्याची भीति वाटते, एवढाच त्याचा अर्थ. ‘आम्हांस कळेनासें झालें आहे’ हें सांगण्यासाठीं स्वतंत्र अंक राखून ठेवणारी दुसरी सरकारी भाषा आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां २०२० चा जून पाहूं. ‘निसर्ग’ या, बांगलादेशानें सुचविलेल्या नांवाचें तुफान ३ जून रोजीं दुपारीं रायगड जिल्ह्यांत अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आलें. आदल्या दिवशींच्या पत्रकांतील वाक्याचा आशय असा होता कीं, तें हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या निकट, किनारा ओलांडील. गद्य म्हणून हें वाक्य आम्हांस उत्तम वाटतें. त्यांत दोन टोकें आहेत, त्यांमधील अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर आहे. म्हणजे लेखकास आपल्या अज्ञानाची लांबीरुंदी ठाऊक आहे, आणि त्यांतही अधिक संभव कोठें तेंही तो सांगतो. परंतु हें वाक्य हातोहात जातां जातां त्याचीं टोकें गळालीं. अलिबाग उरलें, आणि अलिबागच्या पलीकडे मुंबई दिसूं लागतांच सगळी वार्ता मुंबईची झाली. हातांतल्या मोबाइलवर फिरणारें भोंवऱ्याचें चित्र पाहत जो तो एकच प्रश्न विचारीत होता, मुंबईवर येणार कीं नाहीं? मुंबई वांचली. नासधूस झाली ती श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या तालुक्यांत आणि खालीं मंडणगड-दापोलीस. मार्गाच्या उजव्या अंगास. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यांतच आहे. जें टोक अनवश्यक म्हणून गाळलें गेलें, तुफानाचा खरा मार त्याच बाजूस बसला! पोफळीची बाग पुन्हां उभी राहून भरास येण्यास आठ-दहा वर्षें लागतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ‘संकट टळलें’ या शब्दांतील क्रूरता सांगावयास नको.

दुसरा दोष क्रियापदांचा. तुफान ‘दिशा बदलतें’, ‘हुलकावणी देतें’, ‘चकवा देतें’. २०२३ च्या जूनमध्यें बिपरजॉय समुद्रावर नऊ-दहा दिवस रेंगाळलें, तेव्हां या क्रियापदांचा सुकाळ झाला होता. तुफानानें कोणासही वचन दिलेलें नसतें; बदलतो तो आमचा अंदाज. नकाशावरील रेषेभोंवतीं पुढें पुढें रुंदावत जाणारा एक पंखा काढलेला असतो, तो त्या अंदाजाच्या चुकीचें माप होय. अमेरिकेंतील केंद्र तर हा पंखा असा बेततें कीं, मागील पांच वर्षांतल्या चुकांपैकीं दोन-तृतीयांशच त्यांत मावाव्या. म्हणजे मध्य पंख्याच्याही बाहेर जाण्याचा संभव उघड्या डोळ्यांनीं मान्य केलेला आहे. आम्ही मात्र पंखा सोडून रेषा वाचतों, आणि रेषा आपल्या गांवावरून गेली नाहीं म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकतों. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्तेची रेषा महाराष्ट्राच्या भूमीस कोठेंच शिवली नाहीं, ती थेट गुजराथेंत चढली. तरी कोंकणांत छपरें उडालीं, मुंबईंत एका दिवसांत दोनशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून कितीएक कामगार प्राणांस मुकले.

येथवरची चर्चा समुद्रकांठची झाली. परंतु आमच्या मतें या भाषेची खरी परीक्षा घाटाच्या वर होते. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी नांवाचें गांव आहे. अरबी समुद्र तेथून तीनशें किलोमीटर, पूर्वेस काकिनाड्याचा किनारा साडेसहाशें. २०२० च्या १३ आक्टोबरला काकिनाड्याजवळ बंगालच्या उपसागरांतील एक तीव्र न्यूनदाबाचा पट्टा जमिनीवर आला. वर्तमानपत्री भाषेंत तुफान किनाऱ्यावर ‘धडकतें’. धडकलें कीं कथा संपली. हें तर धडकण्याइतकेंही मोठें नव्हतें. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटर झाल्याशिवाय तुफानास नांव मिळत नाहीं, आणि हा पट्टा त्या पायरीच्या खालींच राहिला. तो तेलंगणांतून पश्चिमेस चालत आला, वाटेंत त्यानें हैदराबाद बुडविलें, आणि १४ तारखेस सोलापूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांवर कोसळला. सोयाबीन कापून शेतांत गंजी लावण्याचे ते दिवस. गंजी वाहून गेल्या, ओढ्यांकांठच्या जमिनी खरडून निघाल्या. १८८२ सालीं मुंबईंत एका तुफानानें लाखभर माणसें मारिलीं अशी नोंद कित्येक याद्यांतून छापिली गेली आहे, आणि तसें तुफान झालेंच नव्हतें. न झालेल्यास स्थळ, तिथि, मृतांचा आंकडा सर्व लाभलें, आणि जें खरोखर आलें त्यास साधें नांवही नाहीं.

इशारा दिला गेला नव्हता काय? मुसळधार पावसाचा इशारा होता. पण तो तामलवाडीस कोणत्या भाषेंत ऐकूं यावा? हवामानखात्याच्या विभागणींत सोलापूर ‘मध्य महाराष्ट्रांत’ येतें आणि अर्ध्या तासाच्या वाटेवरील तामलवाडी ‘मराठवाड्यांत’. ढगास ही शीव माहीत नसते. त्यांतून ‘तुरळक ठिकाणीं अतिमुसळधार’ हा शब्दप्रयोग. खात्याच्या संकेतांत ‘तुरळक’ म्हणजे विभागांतील पावसाच्या ठाण्यांपैकीं एक-चतुर्थांशांपर्यंत, आणि ‘अतिमुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरांहून अधिक. बोलींत मात्र ‘तुरळक’ हें पावसाचें विशेषण आहे. तुरळक पाऊस म्हणजे चार शिंतोडे. एकाच वाक्यांत ‘तुरळक’ आणि ‘अतिमुसळधार’ ऐकणाऱ्या शेतकऱ्यानें त्यांतून काय घ्यावें? बहुधा पहिला शब्द, कारण तो ओळखीचा आहे.

यावर असा आक्षेप येतो कीं, अनिश्चितता स्पष्ट सांगितली तर सामान्य माणूस इशारा मनावर घेणार नाहीं. हा आक्षेप आम्हांस शहरी वाटतो. कोणत्या नक्षत्राचें वाहन बेडूक आणि कोणत्याचें कोल्हा हें पंचांगांत पाहून, त्यावर अर्धाच विश्वास ठेवून, तरीही वेळेवर पेरणीची तयारी करणारा मनुष्य अनिश्चिततेंतच जन्म काढतो. तिची भाषा त्यास आमच्याहून अधिक येते. त्यास हवें असतें तें एवढेंच कीं, वाक्यांत आपला गांव कोठें उभा आहे तें कळावें आणि हातांतलें काम कोणतें तें कळावें.

टीकाकारानें नुसता दोष न दाखवितां पाठ सुचवावा, अशी जुनी रीति आहे. १३ आक्टोबर २०२० च्या सकाळीं तामलवाडीसाठीं लिहावयाचें वाक्य आम्हीं असें लिहिलें असतें: “काकिनाड्याजवळ जमिनीवर आलेलें वादळी पावसाचें क्षेत्र तुमच्याकडे सरकत आहे, उद्यां रात्रींपर्यंत सोलापूर-तुळजापूर भागांत चार गांवांपैकीं एखाद्यांत ओढे फुटण्याइतका पाऊस होईल, तें गांव कोणतें हें आज सांगतां येत नाहीं, कापलेलें सोयाबीन आजच मळा किंवा ताडपत्रीखालीं उंचावर हलवा, आणि गुरें ओढ्याकांठीं बांधूं नका.”