आभासी पट : पाहण्याचा की बोलण्याचा?

परीक्षण म्हटले की ते पुस्तकाचे, फार तर नाटकाचे, असा आपल्या मंडळींचा समज असतो आणि तो वावगा नाही. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका संगणकीय साधनाचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. कारण इतकेच की, या साधनाचा विषय कथाकथन हा आहे. आणि जेथे चार माणसे मिळून कथा रचतात, तेथे साहित्याच्या अभ्यासकाने पाठ फिरवून बसणे योग्य नव्हे. शिवाय बीदर-कलबुर्गी भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक प्रश्न गुंतलेला आहे. आपली नातवंडे मराठी समजतात. ती मराठीत बोलतील काय, हा तो प्रश्न होय.

ज्या खेळासाठी हे साधन जन्मास आले, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा अमेरिकन खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. लहान लहान सैनिकांच्या मूर्ती मांडून लढाया खेळण्याचा जो छंद पाश्चात्त्य देशांत होता, त्यातून तो निघाला. पेटीत तीन पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १०००, असा त्याचा आरंभ. खेळाची रीत सांगावयास सोपी आहे. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो : समोर भुयार आहे, आत काळोख आहे, कोठून तरी पाण्याचा आवाज येत आहे. इतरांनी एकेका पात्राची भूमिका घेतलेली असते. ‘तुम्ही काय करता?’ असे सूत्रधार विचारतो आणि जो तो आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो. यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकावयाचे. हे फासे आपल्या सारीपाटाच्या लांबट फाशांसारखे नसतात. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे असतात. भूमितीतील पाच नियमित घनाकृती त्या ह्याच. सारीपाटात सोंगट्या घरी पोचल्या की डाव संपतो. येथे मात्र कथा रंगली की डाव साधला, असे मानतात.

खेळणारे एका गावी असतील तोवर जेवणाचे मेज पुरते. ते पांगले की पट कोठे मांडावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. २००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यात चौकटींच्या पटाला महत्त्व आले. एक चौकट म्हणजे पाच फूट, असे प्रमाण ठरले. त्याच वर्षी नियमांचा मोठा भाग इतरांना वापरू देणारा खुला परवानाही प्रकाशकांनी काढला. या दोहोंचा लाभ संगणकावर पट मांडू पाहणाऱ्यांस झाला. २००४ साली ‘फँटसी ग्राउंड्स’ हे विकत घ्यावयाचे साधन आले. त्याच दशकात ‘मॅपटूल’ हे विनामूल्य साधन निघाले. पुढे २०१२ साली ब्राउझरमध्येच चालणारे ‘रोल ट्वेंटी’ आले आणि २०२० साली ‘फाउंड्री’. पहिल्या पिढीच्या साधनांत खेळणाऱ्यांपैकी एकाचाच संगणक यजमान होई आणि इतर त्यास जोडले जात. आवाजाची सोय बहुधा वेगळी करावी लागे. त्यासाठी २००३ साली सुरू होऊन २०२५ साली बंद झालेले ‘स्काइप’ पुष्कळ जण वापरीत.

या पहिल्या पिढीतील एक विनामूल्य साधन आम्ही गेल्या पावसाळ्यात वापरून पाहिले. खेळणारी पाच मुले आमच्या नात्यातील. दोन बीदर जिल्ह्यातील, एक उदगीरचे, एक पुण्याचे, एक हैदराबादचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर-निलंगा पलीकडे गेले आणि बीदर-भालकी अलीकडे राहिले, तेव्हापासून आपले गोत असे विभागलेलेच आहे. त्यात नोकऱ्यांची भर पडली. या सर्वांना एका पटाभोवती बसविणे हीच या साधनाची पहिली सेवा, आणि ती त्याने चोख बजावली.

पटासाठी आम्ही परदेशी राजवाडा घेतला नाही. बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील करेझ आहे. लोक त्यास सुरंग बावी म्हणतात. जांभ्या दगडात खोदलेला हा भूमिगत पाण्याचा बोगदा. त्यावर अंतराअंतराने उभ्या विहिरी, म्हणजे वरून खाली हवा आणि उजेड सोडणाऱ्या नळ्याच. इराणी पद्धतीचे हे काम आहे. भुयारात उतरण्याच्या खेळाला याहून उत्तम भुयार अमेरिकेतही मिळणार नाही. आम्ही कागदावर काढलेला कच्चा नकाशा संगणकात घातला आणि भिंती कोठे, विहिरी कोठे, हे साधनास दाखवून दिले.

येथे या साधनाचे खरे कौशल्य दिसते. संपूर्ण नकाशा काळ्या पडद्याने झाकलेला असतो. ज्याच्या सोंगटीच्या हाती पलिता आहे, तिच्याभोवती ठराविक अंतरापर्यंतच उजेड पडतो. भिंतीपलीकडचे काही दिसत नाही. सोंगटी पुढे सरकली की तेवढाच भाग उघडतो. मेजावर हेच काम सूत्रधारास कागदाचे तुकडे झाकून-उघडून करावे लागते. फासे टाकणे, बेरीज करणे, कोण कोठे उभा होता याची नोंद ठेवणे, ही सारी कारकुनी साधन विनातक्रार करते. आयुष्यभर नोंदवह्या पाहिलेल्या माणसास या गुणाची किंमत सांगावी लागत नाही. ‘मी तेथे नव्हतोच’ असा वाद एकदाही झाला नाही.

पण कथाकथनाच्या दृष्टीने याच ठिकाणी खोट आहे. पहिल्या दिवशी आम्ही नकाशा सजवून मांडला होता : दगडांचा रंग, पाण्याची छटा, कोपऱ्यात पडलेली घागर, सर्व काही चितारलेले. मुले सोंगट्या सरकवीत राहिली आणि कोणी बोलेना. बोलावयाचे कशासाठी? सर्व दिसतच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सजावट काढून टाकली. काळ्यावर पांढऱ्या रेघा, एवढाच पट ठेवला. लगेच प्रश्न सुरू झाले. पाणी किती खोल आहे? गुडघाभर की कमरेएवढे? ते वाहते आहे की साचलेले? वरच्या विहिरीतून आवाज ऐकू येईल का? प्रत्येक प्रश्नास उत्तर द्यावे लागले आणि प्रत्येक उत्तरातून भुयार थोडे थोडे तयार होत गेले. पहिल्या दिवशीचे भुयार चित्रकाराचे होते. दुसऱ्या दिवशीचे सर्वांचे झाले.

आपल्या कीर्तनपरंपरेस हे तत्त्व अपरिचित नाही. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात तेव्हा त्यांच्यामागे पडदा नसतो. एकच माणूस राजा होतो, राणी होतो, द्वारपाल होतो. राजवाडा श्रोत्यांनी आपापल्या मनात बांधावयाचा असतो. मात्र कीर्तनात श्रोता कथेची दिशा बदलू शकत नाही. या खेळात त्यालाच विचारले जाते की, आता काय करतोस? हा भेद मोठा आहे, आणि तो पडताळून पाहावा म्हणून आम्ही आपल्या भागाशी जडलेलेच आख्यान निवडले : दामाजीपंतांचे.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बीदरास येऊन धान्याची रक्कम भरली, ही कथा आपल्या घरांत कोणास ठाऊक नाही? आम्ही मुलांना सांगितले की, तुम्ही कोठारावरचे सेवक आहात, दारात माणसे उभी आहेत, आणि विठोबा येईल असे तुम्हांस ठाऊक नाही. आख्यान ऐकताना शेवट माहीत असल्यामुळे आपण निर्धास्त असतो. शेवट काढून घेतला की कोठार उघडणे हे अफरातफरीचे कृत्य ठरते, आणि ते न उघडणे हे त्याहून वाईट. सरकारी सेवेत राहिलेल्या कोणासही हा पेच परका नाही.

या प्रसंगी साधनाजवळ देण्यासारखे काही नव्हते. सरकवावयास सोंगटी नाही, उजेडाची मर्यादा नाही, टाकावयास फासा नाही. देव येईल की नाही, हे फाशावर सोपवावयाचे नाही, असे आम्ही आधीच ठरविले होते. पाच मुले सव्वा तास नुसती बोलत होती. पुण्याची नात, जिचे सारे शिक्षण इंग्रजीत झाले, ती म्हणाली, “किल्ली माझ्याकडे आहे, पण धान्य माझं नाही.” त्यावर उदगीरच्या मुलाने उत्तर दिले, “मग ते कुणाचं आहे ते बाहेर जाऊन विचार.” भालकीच्या मुलाने रयतेतील म्हातारा उभा केला, तो अर्धा कानडीत, अर्धा मराठीत बोलत होता, जसा आपल्याकडचा म्हातारा बोलेल तसाच. घरात ‘जेवायला वाढ’, ‘उद्या येतो’ यापलीकडे ज्यांची मराठी जात नाही, त्यांनी या सव्वा तासात विनवणी केली, दटावले, सबब सांगितली, शपथ घातली. भाषा जिवंत राहते ती अशा क्रियापदांवर. समारंभातील भाषणांवर ती जगत नाही.

साधनाचा दुसरा दोष लिपीचा. लेखी संभाषणाच्या चौकटीत देवनागरी उमटे, पण जोडाक्षरे तुटत आणि वेलांट्या भलतीकडे जात. मुले कंटाळून रोमन लिपीत मराठी लिहू लागली. आम्ही लेखी संभाषण बंदच केले आणि सर्वांनी तोंडाने बोलावे असे ठरविले. तेव्हा हा दोषही आमच्या पथ्यावर पडला.

यावर कोणी म्हणेल की, नव्या साधनांत चित्रे अधिक देखणी आहेत, ध्वनी आहे, हालती दृश्ये आहेत. जुन्याचे कौतुक कशासाठी? नव्याचे गुण आम्हांस मान्य आहेत. लढाईचा प्रसंग त्यात अधिक रंगतो, आणि यजमानाची जोडणी वारंवार तुटून सारे खोळंबतात तसे त्यात क्वचितच होते. परंतु जे साधन सर्व दाखविते ते सांगणाऱ्याचे काम काढून घेते, आणि आपल्यापाशी सांगणारे आधीच थोडे उरले आहेत. साधनाने हिशेब ठेवावा, अंतरे मोजावीत, पांगलेल्यांस एकत्र बसवावे. वर्णन मात्र माणसांवर सोपवावे. या कसोटीवर पहिल्या पिढीचे ओबडधोबड साधन उतरते. देखणे साधन वापरावयाचे असल्यास त्यातील निम्मी सजावट बंद ठेवूनच वापरावे, असा आमचा सल्ला आहे.

एक अडचण उरते : नियम इंग्रजीत आहेत. पण तीही दूर होण्यासारखी आहे. परवाना आवळण्याच्या बेतावरून गदारोळ झाल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. मूळ कर्त्यांचा निर्देश करून तो कोणीही आपल्या भाषेत आणू शकतो. पट, डाव, दान, सोंगटी, सूत्रधार हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. नवे घडविण्याची गरज फारशी पडणार नाही. आरंभी वीस पानांचे सार पुरे. नकाशांसाठीही लांब जाण्याचे कारण नाही. बीदरचा किल्ला, महमूद गवानाचा मदरसा, कलबुर्गीचा किल्ला, गाणगापूरचा संगम हे सर्व रेघांत उतरण्याची वाट पाहत आहेत. ज्या सभासदांस कागदावर नकाशा काढता येतो आणि ज्यांच्या घरी प्रश्न विचारणारी मुले आहेत, त्यांनी येत्या दिवाळीच्या सुटीत एक पट मांडून पाहावा.