भांड्यांच्या खणखणाटातली उपासना

तव्यावरचे आम्लेट कडेने सुटू लागले आहे, ते उलटण्याचा नेमका क्षण आला आहे आणि उलटणारा हात ते देवाच्या प्रेमाखातर उलटतो आहे. सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, कार्मेल संघाच्या मठात स्वयंपाक करणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांनी आपल्या साधनेबद्दल सांगितलेल्या गोष्टींतली ही एक. तिच्यापाशी आपण जरा रेंगाळू या. उपवास, जागरण, रुग्णसेवा अशी कितीतरी भारदस्त उदाहरणे त्यांना देता आली असती. त्यांना आठवले ते आम्लेट, आणि तेही लहानसे. पुढचा तपशील तर अधिकच गोड आहे. आम्लेट झाले आणि हाताशी दुसरे काम नसले, की ते तिथेच जमिनीवर देवाला दंडवत घालत आणि राजाहूनही सुखी होऊन उठत. क्रम पाहिलात? आधी आम्लेट, मग दंडवत. भक्तीच्या भरात तवा करपू देणारा हा भक्त नव्हे. भुकेल्या बांधवाच्या पानात नीट भाजलेला घास पडावा, हीही त्याची पूजाच आहे.

बरे, हे काम त्यांच्या आवडीचे होते म्हणावे तर तसेही नाही. त्यांचे मूळ नाव निकोला एर्मां; लॉरेन प्रांतात जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा. अठराव्या वर्षी हिवाळ्यातले एक निष्पर्ण झाड पाहताना, याला पुन्हा पालवी फुटणार, फुले-फळे येणार, या विचाराने देवाची थोरवी त्याच्या मनात कायमची ठसली. पुढे तो सैन्यात गेला, जखमी होऊन लंगडा झाला, एका बड्या अधिकाऱ्याकडे हुजऱ्या म्हणून राहिला आणि तिथे हाताला लागेल ती वस्तू फोडत राहिला. १६४० मध्ये तो मठात आला तेव्हा लॉरेन्स हे नाव मिळाले आणि वाट्याला आले स्वयंपाकघर, ज्याची त्याला उपजत नावड होती. तिथे त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली. ही नावड लपवलेली नाही, तिला साधुत्वाचा मुलामाही दिलेला नाही, म्हणून ती मला फार मोलाची वाटते. श्रद्धेने काम आवडते झालेच पाहिजे, अशी अट इथे नाही. नावडते काम नावडते असतानाच प्रेमाने करता येते, आणि करता करता सोपेही होत जाते.

त्याहून विलक्षण प्रसंग बर्गंडीचा. मठासाठी द्राक्षारस विकत आणायला त्यांना तिकडे धाडण्यात आले. सौदा करण्याची अक्कल नाही, पाय अधू. बोटीत हिंडायचे तर पिंपांवरून लोळत जाण्यावाचून गत्यंतर नाही. हे दृश्य आपण डोळ्यांसमोर आणू या: पिंपांवरून गडगडत चाललेला, अंगापिंडाने धिप्पाड संन्यासी, आणि त्याच्या मनात लाज नाही की चिंता नाही. देवा, हे काम तुझेच आहे, एवढे त्याने देवाला सांगून टाकले होते. काम झाले, आणि चांगले झाले. कसे झाले, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

जनाबाईच्या जात्याची घरघर कानांत असलेल्या आपल्याला हे सारे ओळखीचे वाटते आणि तरीही त्याची चव निराळी लागते. जनीचा विठ्ठल स्वतः दळू लागतो. लॉरेन्सच्या स्वयंपाकघरात देव झारा हातात घेत नाही. चमत्कार काही घडत नाही. देव फक्त तिथे असतो, आणि त्याच्या असण्याची जाणीव ठेवणे एवढीच साधना. चार जण चार दिशांनी चार गोष्टी मागत आहेत, भांडी खणखणत आहेत, आणि या माणसाला तिथे वेदीपुढे गुडघे टेकल्याइतकीच शांती लाभते आहे. नेमून दिलेली प्रार्थना तो चुकवत नाही. पण तिच्या वेळेत आणि इतर वेळेत त्याला फरक उरलेला नाही. ज्या धर्माचा प्रभू नासरेथात सुताराच्या घरी वाढला आणि लाकूड तासत मोठा झाला, त्या धर्माचे हृदय या स्वयंपाकघरात किती स्पष्ट ऐकू येते!

आणखी एक नाजूक जागा. चूक झाली की ते देवापुढे कबूल करत, तू हात सोडलास तर माझ्याकडून हेच होणार, असे म्हणत आणि उगाळत न बसता पुन्हा कामाला लागत. पश्चात्तापातही आपण किती वेळ स्वतःकडेच पाहत बसतो, हे इथे ध्यानात येते. कृपेवर विसंबणारा माणूस स्वतःच्या अपयशालाही फार मोठी जागा देत नाही.

उतारवयात ते मठातल्या बांधवांच्या चपला दुरुस्त करत. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी ते निवर्तले, आणि जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांच्याशी झालेली चार संभाषणे व त्यांची सोळा पत्रे जतन करून प्रकाशात आणली. कॅथलिक मठातले हे शब्द पुढे प्रॉटेस्टंट वाचकांनीही आपलेसे केले. देवाच्या सान्निध्यात राहण्याविषयीचे ते चिमुकले पुस्तक इंग्रजीत सहज मिळते आणि एका बैठकीत वाचून होते. पण रसिकहो, तसे वाचू नका. एक पत्र वाचा, पुस्तक मिटा आणि ओट्यावर राहिलेली भांडी घासायला घ्या. दुसरे पत्र उद्या.