कावड आणि कागद

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाकडे मराठी वाचक बहुधा १८५७ च्या उठावाचे प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून वळतो. त्यात तो झाशीची राणी शोधतो, लढाईची हकीकत शोधतो. ही अपेक्षा गैर नाही. परंतु तिच्यामुळे पुस्तकाचा गाभा दृष्टीआड होतो. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक इतिहास पाहण्यासाठी घराबाहेर पडलेला नव्हता. घरी कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली होती. दक्षिणेच्या आशेने तो निघाला. उठाव त्याला वाटेत भेटला.

या लेखनाचे मोल नेमके येथे आहे. दरबारी कागदपत्रांत तह, खलिते आणि फौजा असतात. रोजचे जगणे त्यांत क्वचित उतरते. कारण जे सर्वांस ठाऊक, ते लिहून ठेवण्याचे कारण कोणास पडत नाही. गोडसेभटजींना मात्र दक्षिणा, मुक्काम, स्नानसंध्या आणि भोजन यांवाचून प्रवास सांगताच येत नाही. १८५८ च्या मार्च-एप्रिलमधील झाशीचा वेढाही ते शहरात अडकलेल्या परक्या माणसाच्या भयाने आणि भुकेने सांगतात.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. थकलेली, तहानलेली राणी तेथे येते. भटजी पाणी काढू लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेणे तिला प्रशस्त वाटत नाही आणि ती स्वतः पाणी शेंदू पाहते. सामान्यतः हा प्रसंग राणीच्या विनयाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः दोरी आणि मडके येथे अधिक बोलके आहेत. राज्य गेले, तरी कोणी कोणासाठी पाणी काढावे हा नियम गेलेला नाही. असा पुरावा कोणत्याही खलित्यात सापडणार नाही.

तथापि दस्तऐवज म्हणजे गतकाळात उघडणारी स्वच्छ खिडकी नव्हे. हे लेखन प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने झाले. १९०७ साली ते प्रसिद्ध करताना वैद्यांनी मजकुरात आणि भाषेत फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रकाशात आणला. म्हणजे सुमारे साठ वर्षे वाचकांपुढे जे दैनंदिन जीवन होते, ते स्मृतीच्या आणि संपादकाच्या, अशा दोन चाळण्यांतून आलेले होते. शिवाय ते एका भिक्षुकाचे जीवन आहे. त्याच वाटेवर ओझी वाहणाऱ्यांना, घरोघर दळणकांडण करणाऱ्या स्त्रियांना त्यात स्वतःचा आवाज नाही. अभ्यासकाने या मर्यादेची जाणीव ठेवूनच हे पुस्तक हाती घेतले पाहिजे.

प्रवासाअखेर भटजी घरी परततात ते आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड घेऊन. वाटेत लुबाडले गेल्यामुळे ज्या धनासाठी निघाले ते फारसे उरलेले नाही. एखाद्या संग्रहालयात अशी कावड ठेवली, तर आपल्याला बांबूची काठी आणि दोन पात्रे दिसतील. ती कोणी, कोणासाठी, काय गमावून वाहिली, हे 'माझा प्रवास' सांगतो. उठावाची हकीकत अन्य साधनांतूनही जुळवता येईल. या कावडीचे ओझे मात्र याच पानांतून कळते.