अॅटनबरो : नट आणि दिग्दर्शक

आता रिचर्ड अॅटनबरोंकडे येऊ. आपल्यासाठी ते ‘गांधी’चे दिग्दर्शक, फार तर ‘शतरंज के खिलाडी’तले जनरल औट्रम. पण १९४७चा ‘ब्रायटन रॉक’ बघा. त्यातला कोवळ्या चेहऱ्याचा गुंड पिंकी किंवा १९७१च्या ‘टेन रिलिंग्टन प्लेस’मधला हळू आवाजात बोलणारा खुनी क्रिस्टी! माणसातलं क्रौर्य इतक्या जवळून दाखवणारा हा नट दिग्दर्शक झाल्यावर मात्र त्यापासून अंतर राखतो, असं आम्हाला वाटतं. १९८२च्या ‘गांधी’ची सुरुवातच खुनाने होते, पण खुनी कुठल्या विचारातून आला, याची तीन तासांत दोन-चार झलकांपलीकडे दखल नाही. पुणे करार नाही, आंबेडकर तर पडद्यावर येतच नाहीत. म्हणजे जातीच्या प्रश्नावर गांधींना अडवणारा तोलाचा माणूसच समोर नाही. मग थोरवी फार सोपी होते हो!

अभिनय मात्र त्यांनी छान काढून घेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात कस्तुरबा, म्हणजे आपल्या रोहिणी हट्टंगडी, संडास साफ करायला नकार देतात. गांधी चिडतात, त्यांना ओढत दारापाशी नेतात आणि मग ओशाळतात. पिंकी साकारलेला नट कॅमेऱ्यामागे आहे, हे आम्हाला त्या एका प्रसंगात जाणवतं.