बाटणे, दीक्षा आणि आमचे मौन

उमरेडहून नागपूरला निघाले की पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता संपता संपता, शहराच्या तोंडाशीच ताजाबाद लागते. बाबा ताजुद्दीन १९२५ साली गेले, पण त्यांच्या दर्ग्यावरची गर्दी आटलेली नाही. या गर्दीत हिंदू भाविक मोठ्या संख्येने असतात. ते फुलांची चादर चढवतात, नवस फेडतात आणि आपापला धर्म घेऊन घरी जातात. तिथून पुढे शहरात गेले की दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे लाखो माणसांनी आपला जुना धर्म सोडला आणि नवा धर्म घरी नेला. एकाच शहरातली ही दोन ठिकाणे. एका ठिकाणी धर्म न बदलता श्रद्धा जोडली गेली, दुसऱ्या ठिकाणी धर्म बदलून माणूसपण मिळवले गेले. उमरेडच्या मुसलमानाला लहानपणापासून ही दोन्ही ठिकाणे ठाऊक असतात. मात्र त्याचा स्वतःचा धर्म त्याच्या घरात कोणत्या रस्त्याने आला, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हा प्रश्न आम्हाला इतिहासाचा वाटतो तितकाच साहित्याचाही वाटतो. म्हणून या लेखात आम्ही मराठीतल्या धर्मांतराच्या लेखनाकडे पाहणार आहोत, आणि त्यात आमची जागा रिकामी का आहे हेही विचारणार आहोत.

आधी शब्द पाहा. ख्रिस्ती झालेल्याने ‘बाप्तिस्मा घेतला’ असे मराठी माणूस म्हणतो. बौद्ध झालेल्याने ‘दीक्षा घेतली’ असे म्हणतो. मुसलमान झालेला मात्र ‘बाटतो’. हा शब्द ख्रिस्त्यांच्याही वाट्याला एकेकाळी पुष्कळ आला. आमच्या वाट्याला तो कायमचा आला. पहिल्या दोन क्रियापदांत घेणारा माणूस कर्ता आहे, त्याने काहीतरी घेतले आहे. ‘बाटणे’ यात कर्ता उरतच नाही. दूध नासते, पाणी गढूळ होते, तसा माणूस बाटतो. त्याने विचार केला असेल, रात्र रात्र जागून काढली असेल, घरच्यांशी भांडला असेल, हे त्या शब्दात मावत नाही. वर ‘बाटग्याची बांग मोठी’ ही म्हण आहेच. भाषेने आमच्या पूर्वजांचा निर्णय एका शब्दात पुसून टाकला, आणि आम्ही त्या शब्दाला उत्तर म्हणून एकही पुस्तक लिहिले नाही.

इतरांनी लिहिले. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि आपल्या मनाची घालमेल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मांडली. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. तिथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या पत्नीने मोजली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण आम्हाला इथे दिसते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बदलल्या नाहीत. पाच वर्षे त्यांनी स्वतःशी वाद घातला. सोवळेओवळे आणि जातीचा विटाळ त्यांच्या मनातून आधी गेला, बाप्तिस्मा १९०० साली त्याच्या मागून आला. धर्म एका दिवशी पाण्याचे थेंब पडल्याने बदलत नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी, मुलाच्या काळजीत तो हळूहळू बदलतो, हे त्या पुस्तकाने मराठीला शिकवले. तेही हसत हसत आणि कुणाला दोष न देता.

दुसरी परंपरा बाबासाहेबांची. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात धर्मांतराचा ताळेबंद लोकांपुढे ठेवला. प्रत्यक्ष दीक्षा १९५६ साली घेतली. म्हणजे एकवीस वर्षे एक माणूस आणि त्याच्यामागचा समाज विचार करत होता. धर्म माणसासाठी आहे, तेव्हा माणसाने तो तपासून घ्यावा, ही भूमिका इतक्या उघडपणे कुणी क्वचितच घेतली असेल. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ साली ते सुमारे अठ्ठावीस लाख झाले. आकड्यांमागची माणसे नंतर साहित्यात आली. वसंत मून यांच्या ‘वस्ती’त नागपूरच्या महार वस्तीचे मन उलगडते, ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये तोच बदल कोकणातल्या बाईच्या बाजूने दिसतो. देव्हाऱ्यातले देव गेले, नावे बदलली, मुले शाळेत गेली. जात मात्र गावाने सोडली नाही. हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे.

आता आमच्याकडे या. आमच्याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली तलवारीची, दुसरी लोभाची. तिसरी आम्हीच सांगतो, की आमचे वडीलधारे अरबस्तानातून किंवा इराणातून आले. आमच्या मते तिन्ही गोष्टी बहुतेक घरांच्या बाबतीत अपुऱ्या आहेत.

उमरेडचा मुलूख देवगडच्या गोंड राज्यातला. तिथल्या बख्त बुलंद शहाने सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीच्या भांडणात औरंगजेबाचा आधार मिळावा म्हणून इस्लाम स्वीकारला. यात राजकारण होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. हाच राजा नंतर औरंगजेबावर उलटला. ज्या नागपूरचे नाव आज देशभर दीक्षाभूमीमुळे आणि संघामुळे घेतले जाते, ते शहर त्यानेच वसवले. त्याचे घराणे मुसलमान राहिले, प्रजा मात्र गोंडच राहिली. राजाच्या कलम्याने रयत मुसलमान झाली असती, तर हा सगळा मुलूख आज कलमा पढणारा असता. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी बंगालवरच्या १९९३ च्या ग्रंथात हेच दाखवले, की मोगल सत्तेच्या केंद्राभोवती मुसलमान कमी आणि दूरच्या पूर्व बंगालात जास्त आहेत. तलवारीच्या सिद्धांताला हा नकाशाच पुरेसे उत्तर आहे. सूरह बकराची २५६ वी आयत धर्मात जबरदस्तीला जागा ठेवत नाही, हेही आम्ही जाणतो. पण आयत हा आदेश आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पुरावा आपणच शोधायला हवा.

तो कुठे सापडेल? ईटन यांनीच विजापूरच्या सूफींवर लिहिताना दखनीतल्या चक्कीनामा आणि चरखानामा या रचनांकडे लक्ष वेधले होते. जात्यावर दळणाऱ्या आणि चरख्यावर सूत काढणाऱ्या बायांच्या तोंडी बसतील अशी ही गाणी. जात्याचा खुंटा, चरख्याची माळ यांतून अल्लाचे नाव घरात शिरले. तिथे मौलवी नव्हता, सुभेदार नव्हता, घरची बाई होती. मराठी ओवीशी या गाण्यांचे नाते किती जवळचे आहे, यावर आमच्या समीक्षकांनी पुरेसे काम केलेले नाही.

उमरेड हे हातमागाचे गाव, कोष्ट्यांच्या रेशीमकाठी कापडासाठी ओळखले गेलेले. नागपूर आणि कामठीचे मोमीन विणकर मुसलमान. या भागातले महारही जाडेभरडे कापड विणत आणि १९५६ नंतर त्यांतले बहुसंख्य बौद्ध झाले. माग एकच, धोटाही एकच, आणि विणणाऱ्यांचे धर्म तीन. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या या तिघांना कोणत्या दुःखाने, कोणत्या आशेने तीन वाटांना नेले? कादंबरीला याहून मोठा विषय कोणता?

मराठी मुस्लिम साहित्याने १९९० च्या सोलापूर संमेलनापासून आत्मभानाची भाषा केली, आणि ती खरी होती. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने त्याआधीच, १९६५ साली, गावातल्या हिंदू-मुसलमानांचे गुंतलेले आणि पेटलेले जीवन दाखवले. नंतर आम्ही दंगलीवर, तलाकवर, संशयाच्या नजरेवर लिहिले. हे लिहायलाच हवे होते. पण आमचे बहुतेक लेखन ‘आम्हीही इथलेच’ हे सिद्ध करण्यात खर्च झाले. इथले होतो, तर इथे आधी कोण होतो, हा पुढचा प्रश्न आम्ही टाळला. टाळण्याचे कारण उघड आहे. पिंजारी, आतार, तांबोळी, मणियार, शिकलगार, खाटीक ही आमची नावे व्यवसायांची आहेत. ती उलटून पाहिली की खाली जात दिसते, आणि जात दिसली की समतेच्या दाव्याला तडा जातो. मशिदीत आम्ही एका सफेत उभे राहतो, सोयरीक मात्र बिरादरी पाहून करतो. दलित लेखकांनी दीक्षेनंतर उरलेली जात लिहिली, आम्ही कलम्यानंतर उरलेली जात झाकली. ज्या अपमानातून पूर्वज उठले असतील तो अपमान आम्ही विसरलो, आणि त्याबरोबर त्यांचे धाडसही.

या मौनाची किंमत केवळ साहित्यात मोजावी लागत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर राहिले. उमरेडचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथल्या एखाद्या मुसलमान कुटुंबाचा पूर्वज अस्पृश्य असला, तरी कायद्याच्या दृष्टीने कलमा पढताच त्याची अस्पृश्यता संपली. गावाच्या दृष्टीने ती संपली होती का, याची साक्ष द्यायला आमच्याजवळ एकही आत्मकथन नाही. २०२५ साली राज्य शासनाने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याच्या दृष्टीने समिती नेमली. धर्मांतर करणाऱ्याला स्वतःचे डोके असते, हे अशा वेळी कोण सांगणार? ज्यांच्या घरात ते कधीतरी घडले आहे, त्यांनीच ते सांगायला हवे.

आमचे म्हणणे असे नाही, की प्रत्येक पूर्वज सत्याच्या शोधात निघालेला साधक होता. कुणी भाकरीसाठी गेला असेल, कुणी गादीसाठी, कुणी पीराच्या प्रेमापोटी, कुणी गावकुसाबाहेरचे जिणे नको म्हणून. कुणी बाई नवऱ्यामागून गेली असेल आणि लक्ष्मीबाईंसारखी वर्षानुवर्षे आतून भांडत राहिली असेल. हे सगळे हेतू माणसाचे आहेत आणि कुठल्याही हेतूची लाज बाळगण्याचे कारण नाही. कारण पहिला हेतू काहीही असला, तरी नंतरच्या पिढ्यांनी हा दीन रोज नव्याने निवडला आहे. रमजानच्या पहाटे उठणारे पोर पूर्वजाच्या हेतूने उठत नाही, स्वतःच्या श्रद्धेने उठते.

तेव्हा आमच्या तरुण लेखकांना आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी बसा. आडनाव कुठून आले, लग्नात हळद का लागते, कोणत्या दर्ग्यावर कंदोरी होते, आजोळी कोणता धंदा होता, हे विचारा. ती सांगेल ते सगळे खरे नसेल. तरी लिहून घ्या. भाषेने आपल्याला ‘बाटलेले’ म्हटले. त्या शब्दाचे उत्तर निषेधाच्या ठरावाने मिळणार नाही. ज्या पुस्तकात आपला पूर्वज कर्ता म्हणून उभा असेल, ते पुस्तक मराठीत यायला हवे.