वाखाचा दोर आणि ग्रामवर्णनातील मौन : एक चिकित्सा

नैसर्गिक तंतूंच्या हस्तकलेविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यात 'पर्यावरणपूरक', 'शाश्वत' ही विशेषणे वस्तूला लागतात. ती घडविणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच येतो. हा दोष नवा नाही. मराठी ग्रामवर्णनाच्या परंपरेतही तो आढळतो.

त्रिं. ना. आत्रे यांचा 'गाव-गाडा' (१९१५) हा या परंपरेतील पायाभूत ग्रंथ होय. कारू-नारूंची कामे, त्यांचे हक्क आणि कुणब्यावर पडणारा त्यांचा भार यांची तपशीलवार नोंद त्यात आहे. मात्र ग्रंथाची दृष्टी खळ्यावर उभ्या असलेल्या कुणब्याची आहे. बलुत्यापायी त्याचे काय गेले, हा तिचा मुख्य प्रश्न. दोर वळण्यात कोणाचे किती दिवस गेले, हा नव्हे.

वस्तुतः जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या मराठवाडी गावात शेतीचा व्यवहार या दोरावरच चाले. नाडा, कासरा, दावे, वेसण, शिंके ही सारी मातंग समाजाच्या हातची निर्मिती. अंबाडीची ताटे पाण्यात कुजवायची, साल सोलायची, धुवायची, वाळवायची आणि मग वाखाला पीळ द्यायचा. घायपाताच्या रसाने हातांना खाज सुटे; कुजवणाच्या पाण्याची दुर्गंधी निराळीच. (घायपात मूळचे मेक्सिकोकडील, हे 'परंपरागत' हा शब्द योजताना ध्यानात ठेवलेले बरे.) शिंदीच्या केरसुणीची तर लक्ष्मीपूजनाला पूजा होते, ती बांधणाऱ्याचे घर मात्र गावकुसाबाहेर.

उत्तर व्हिएतनाममधील ह्मोंग स्त्रिया हेंपच्या सालीचे सूत काढून कापड विणतात आणि ते स्वतः नेसतात. तेथे तंतू हा त्या समाजाच्या ओळखीचा भाग आहे. येथे दोर वळणारा तो दुसऱ्याच्या बैलासाठी वळत होता. दोन्ही परंपरांना एकाच कौतुकाच्या मापाने मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) हा समाज नायकत्वाला पोहोचतो, पण हाती तलवार घेऊन. दोर तेथेही केंद्रस्थानी नाही, आणि हे सहेतुक असावे. जातीने नेमून दिलेल्या कामात नायकाला कोण शोधील?

चारठाण्याची प्राचीन मंदिरे दगडाची असल्याने अभ्यासकांना उपलब्ध राहिली; वाख कुजून गेला. पुढे नायलॉनचा दोर आला, ट्रॅक्टरने बैल घटविले. या बदलाला केवळ 'कलेचा ऱ्हास' म्हणणारे लेखन त्याच मौनाची पुनरावृत्ती करते, कारण ज्यांच्या बोटांना तो पीळ पडला होता, त्यांच्यापैकी अनेकांसाठी ती सक्तीतून सुटकाही होती.